सेऊलची मुकी इंग्रजी

सेऊलमध्ये इंग्रजीचा तोटा कुठेच जाणवत नाही. मेट्रोतल्या पाट्या इंग्रजीत, घोषणा इंग्रजीत, कपड्यांच्या दुकानांची नावेही इंग्रजीत. पण रस्ता चुकलात आणि एखाद्या कॉलेजच्या मुलाला इंग्रजीत वाट विचारलीत, तर तो बहुधा लाजतो, हसतो, मोबाइल काढून त्यावर भाषांतर दाखवतो. वाट दाखवायला मात्र स्वतः दोन चौक सोबत येईल. माणसे मोठी प्रेमळ. मग प्रश्न पडतो, तिसरीपासून बारावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाची जीभ अशी का अडते?

उत्तर नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सापडते. त्या दिवशी ‘सुनुंग’ असते, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. मुलांना रस्ता मोकळा मिळावा म्हणून कचेऱ्या उशिरा उघडतात. उशीर झालेल्या मुलाला पोलीस आपल्या गाडीतून केंद्रावर पोहोचवतात. दुपारी इंग्रजी ऐकण्याचा भाग सुरू झाला, की देशभरातल्या विमानतळांवर सुमारे 35 मिनिटे विमानांचे चढणे-उतरणे बंद! एवढा थाट, पण प्रश्नपत्रिका पाहा. 70 मिनिटांत 45 प्रश्न. 17 ऐकून सोडवायचे, 28 वाचून. पाच पर्यायांपैकी एकावर खूण करायची. एक वाक्य बोलायचे नाही, एक ओळ लिहायची नाही. संभाषणात समोरच्याला काय उत्तर द्याल, हेसुद्धा तोंडाने नव्हे, आकडा निवडून सांगायचे.

जे परीक्षेत नाही, ते वर्गातही फार दिवस टिकत नाही. सरकारी प्राथमिक शाळांत 1997 पासून तिसरीला इंग्रजी सुरू होते. आठवड्याला 40 मिनिटांचे दोन तास, गाणी, खेळ, चित्रे. मुले मजेत बोलतात. माध्यमिक शाळेत गेली, की लांबलचक उतारे आणि शब्दांच्या याद्या सुरू. शिक्षक कोरियनमधून व्याकरण उलगडतात आणि मुले खाली मान घालून लिहून घेतात. शिक्षकांना तरी काय दोष द्यावा? आईबाप गुणच विचारतात.

त्यात कोरियन जिभेला इंग्रजी मुळातच अवघड. इंग्रजीतला ‘फ’ त्या भाषेत नाही, म्हणून कॉफीची ‘कोपी’ होते. जोडाक्षरे फोडून म्हणायची सवय, म्हणून ‘स्ट्राइक’चे ‘सुतुराइकु’. अशा जिभेला सराव हवा, तोच मिळत नाही. 1995 पासून सरकार परदेशी शिक्षक आणते. 2010 च्या व्यापार करारानंतर शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही हे दार उघडले. पण करार वर्षाचा, आणि एका वर्गाच्या वाट्याला असा शिक्षक जेमतेम आठवड्यातून एकदा येतो. बोलणे-लिहिणे तपासणारी सरकारी परीक्षाही तयार झाली होती. शिकवण्या आणखी वाढतील या भीतीने ती थोड्याच वर्षांत गुंडाळली गेली.

इतेवॉनच्या चढावर मात्र वेगळेच दृश्य. तिथे 1976 साली उघडलेली सेऊलची मोठी मशीद आहे. जुम्याच्या नमाजनंतर खालच्या गल्लीत उतरा. हलाल गोश्त आणि मसाल्यांच्या दुकानांत नाना देशांचे लोक एकमेकांशी इंग्रजीत भाव करत असतात. व्याकरण मोडके, व्यवहार चोख!

शाळेत जे मिळत नाही ते कोरियात विकत मिळते. खासगी शिकवणीच्या वर्गांना तिथे ‘हागवोन’ म्हणतात. ज्यांना परवडते ते पोराला शाळेआधीच महागड्या इंग्रजी बालवाडीत घालतात. 2018 मध्ये सरकारने पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर चालणारे स्वस्त इंग्रजी वर्ग बंद केले. इतक्या लहान वयात ओझे नको, हा हेतू चांगला. पण हागवोन चालूच राहिले, आणि नुकसान झाले ते साध्या घरातल्या मुलांचे. पुढच्याच वर्षी ही बंदी उठवावी लागली.

हागवोनसाठी प्रसिद्ध असलेल्या देची-दोंग भागात रात्री जाऊन पाहावे. सेऊलमध्ये हे वर्ग दहापर्यंतच चालवण्याचा नियम आहे. दहाच्या ठोक्याला इमारतींतून दप्तरे पाठीवर घेतलेली मुले लोटतात, कडेला आईबापांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. ज्यांच्या घरी फीचे पैसे नाहीत, ती मुले या गर्दीत नसतात. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशीचा शाळेतला तास असतो. त्यात उतारा वाचायचा आणि पाचांपैकी एक पर्याय निवडायचा.