गळ्यातला ढोल

गेल्या वर्षी भीमजयंतीच्या तयारीसाठी आमच्या वसाहतीच्या विहारात बैठक भरली होती. विषय एकच, डी.जे. आणायचा की बँड. तरुण पोरांना डी.जे. पाहिजे होता. वयस्कर मंडळींना कानाचीही काळजी होती आणि वर्गणीचीही. आम्ही मध्येच बोलून गेलो, "बँड भाड्याने कशाला आणायचा? आपल्याच मुलामुलींचा उभा करू. कॉलेजात मी तीन वर्षे बँडमध्ये होतो." झाले! मागच्या सतरंजीवरचे एक वडीलधारे गृहस्थ उठून उभे राहिले. म्हणाले, "भाऊ, जे वाजवणं आपल्या बापजाद्यांनी सोडलं, ते तुम्ही पोरांच्या गळ्यात परत अडकवणार काय?"

बैठकीत आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. एका वाक्यात मावणारे ते उत्तर नव्हते. शिवाय हाच प्रश्न आम्हाला पूर्वी एकदा घरातच विचारला गेला होता, आणि तेव्हाही आम्ही गप्पच बसलो होतो.

आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आमचे आजोबा खालू बाजात ढोल वाजवीत. कोकणातल्या वाचकांना खालू बाजा सांगायला नको. ढोल, टिमकी, सनई आणि झांज. शिमग्याला पालखीपुढे वाजवायचे, गावकीच्या लग्नात वाजवायचे, आणि मांडवाबाहेर बसून जे पानावर पडेल ते घ्यायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली. दोन महिने होतात न होतात तोच ते आपल्याला सोडून गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेच्या साक्षीने ज्या लोकांनी दीक्षा घेतली, त्यांत गिरणीत कामाला असलेले आमचे चुलत आजोबा होते. ते गावी आले आणि वाडीची बैठक झाली. त्यानंतरच्या शिमग्याला पालखीपुढे आमच्या वाडीचा ढोल गेला नाही. गावाने दुकानातले मीठ-मिरची बंद केली, रानातली वाट बंद केली. आजोबांनी ढोलाचे कातडे फाडून टाकले. लाकडी खोड मात्र आजीने टाकू दिले नाही. त्यात ती रात्री कोंबड्या झाकून ठेवी. आम्ही लहानपणी मे महिन्यात गावी जात असू, तेव्हा ते खुराडे आम्ही पाहिले आहे. ते कशाचे आहे हे कळायला मात्र बरीच वर्षे गेली.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मुंबईला गिरणीत लागले. १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि पुढे ते वॉचमन झाले. घरात कॉलेजात जाणारे आम्ही पहिलेच. १९९७ च्या जूनमध्ये उपनगरातल्या एका कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले.

त्या कॉलेजात आमचे मन लागत नसे. उगाच कशाला खोटे बोला? वर्गात इंग्रजी बोलणाऱ्यांचा एक घोळका, गुजराती मुलांचा एक, क्रिकेटवाल्यांचा एक. नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीची यादी लागली आणि त्या दिवशी आमचे नाव सगळ्यांनी वाचले. त्यानंतर कुणी काही बोलले असे नाही. पण वहीची देवघेव करणारा बाकावरचा मुलगा दुसऱ्या दिवशी दोन बाके पुढे जाऊन बसला. योगायोगही असेल.

जुलैत एन.सी.सी.ची भरती निघाली. आम्ही रांगेत उभे राहिलो ते देशसेवेच्या तळमळीने, असे लिहिले तर शोभून दिसेल. पण परेडनंतर वडा आणि दोन केळी मिळतात ही बातमी आमच्यापर्यंत आधी पोचली होती. निवड झाली. खाकी गणवेश घरी आणला तेव्हा आईने तो खुंटीला अडकवू दिला नाही. त्याच महिन्यात, ११ जुलैला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर राखीव पोलिसांनी गोळीबार केला होता. दहा माणसे गेली होती. आई म्हणाली, "हा रंग माझ्या डोळ्यासमोर नको." आम्ही तीन वर्षे तो गणवेश पिशवीत घालून पलंगाखाली ठेवला आणि परेडच्या सकाळी नळाच्या मोरीत उभे राहून चढवला.

कॉलेजचा बँड लहान होता. सहा साइड ड्रम, एक बेस ड्रम, दोन जोड झांजा, चार बिगुल आणि थोड्या बासऱ्या. बेस ड्रम कुणालाच नको असे. वजन फार, पट्टा खांद्यात रुतायचा, आणि तो छातीवर बांधला की आपलेच पाय दिसत नाहीत. समोर दिसते ती पुढच्या गड्याची पाठ. आमचे खांदे रुंद म्हणून हवालदार उस्तादांनी तो आमच्या गळ्यात घातला.

पण पहिल्याच आठवड्यात आम्हाला त्या ड्रमचे मर्म कळले. तेज चालीत मिनिटाला एकशेवीस पावले पडतात आणि डावा पाय बेसच्या ठोक्यावर पडतो. बासरी चुकली तर फार तर सूर बिघडतो, बिगुल फुटला तर लोक हसतात. बेस चुकला तर आख्खी परेड लंगडी होते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला चालणारा, आमचे नावही ठाऊक नसलेला मुलगा आमच्या हातावर भरवसा ठेवून डावा पाय टाकीत होता. वाचकहो, ज्याला वर्गात कुणी शेजारी बसवून घेत नव्हते त्याला हे काय वाटले असेल, ते तुम्ही ओळखा. बँडमध्ये सगळे आम्हाला 'बेस' म्हणत. "ए बेस, चहा पितोस का?" आडनाव कुणी विचारले नाही. इतक्या वर्षांत त्याहून गोड हाक आम्हाला कुणी मारलेली नाही.

अण्णांना आम्ही बँडचे सांगितलेच नव्हते. पण मनात ठोके मोजत आम्ही रात्री पितळी डब्यावर बोटे आपटीत असू, त्यावरून त्यांनी ओळखले. "काय वाजवतोस?" आम्ही सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते चालतात आणि तू वाजवतोस. तुझ्या आजाने कातडं फाडलं ते यासाठी काय?"

आम्ही गप्प बसलो. त्यानंतर एका पावसाळी सकाळी त्यांच्या शब्दाला पुरावा मिळाला. १५ ऑगस्टच्या सरावात उस्तादांनी आमची पाठ थोपटली, तेव्हा एक वरच्या वर्गातला मुलगा हसत म्हणाला, "येणारच ना चांगलं. रक्तातच असतं यांच्या." त्याने ते कौतुक म्हणूनच म्हटले होते. म्हणून तर त्याच्याशी भांडता आले नाही. त्या दिवशी वडा आम्ही खाल्ला नाही, घरी नेला.

बँड सोडावा असे मनात आले होते. सोडला नाही याचे कारण तो ठोका. बाकी काही नाही.

तिसऱ्या वर्षी बँडचा म्होरक्या निवडायची वेळ आली. पुढे चालायचे, हातात चकचकीत मुठीची लांब काठी घ्यायची, तिच्या इशाऱ्यावर बँड सुरू आणि बंद. यासाठी इंग्रजी फर्डे बोलणारा, उंच असा एक मुलगा प्राध्यापकांच्या मनात होता. उस्ताद म्हणाले, "साहब, लडके किसके पीछे चलेंगे, वो देखो." आणि काठी आमच्याकडे आली. अण्णांना हे मात्र आम्ही त्याच रात्री सांगितले. ते म्हणाले, "पुढे चालणार? बरं."

आम्ही चांगले नेतृत्व केले असे त्या वेळी आम्हाला वाटत होते. दर आठवड्याला दोन-दोन रुपये काढून ड्रमच्या काठ्या आणल्या. पेपर टाकणाऱ्या दोघा मुलांसाठी सराव अर्धा तास पुढे ढकलला. ज्यांना बूट नव्हते त्यांना मागल्या वर्षीच्या कॅडेटांचे बूट मिळवून दिले. हे सगळे झाले आणि तरी जे पुढे लिहितो आहोत तेही झालेच.

त्या वर्षी पहिल्या वर्षाचा एक मुलगा साइड ड्रमवर आला. मातंग समाजातला. त्याचे वडील आणि काका लग्नाच्या ब्रास बँडमध्ये वाजवीत आणि लगनसराईत हाही रात्री त्यांच्याबरोबर जाई. त्याला कुणी काही शिकवावे लागले नाही. साइड ड्रमवर दोन-दोन टिपऱ्यांचा जो रोल असतो, ज्याला वाजवणारे 'डॅडी-ममी' म्हणतात, तो आमच्या मुलांना जमायला वर्ष लागे. याच्या हातातून तो पाण्यासारखा वाहायचा. मध्येच तो एखादी गिरकी जास्त टाकी. आम्हाला ती आवडायची आणि आम्ही तिच्यावर रागवायचो.

डिसेंबर १९९९. २६ जानेवारीचा सराव जोरात होता. तो मुलगा त्या आठवड्यात तिसऱ्यांदा उशिरा आला. डोळे लाल, पायात बुटांच्या ऐवजी चपला. उभ्या-उभ्या पेंगत होता. दोन ठोके चुकला आणि ओळ फसली. सगळ्यांच्या समोर आम्ही त्याला म्हणालो, "हा लग्नाचा बँड नाही. इथे शिस्त लागते. तसलं वाजवायचं असेल तर घरच्यांबरोबर जा."

दोन-तीन मुले हसली. त्याने गळ्यातला पट्टा काढला, ड्रम जमिनीवर ठेवला, दोन्ही काठ्या नीट एकमेकींना लागून त्यावर ठेवल्या. आम्हाला कडक सॅल्यूट केला आणि गेला. परत आला नाही.

संचलन चांगले झाले. उस्ताद खूश होते. घरी आम्ही अण्णांना सगळे रंगवून सांगितले, त्यात त्या मुलाला कसे सरळ केले हेही सांगितले. अण्णा जेवत होते. त्यांनी विचारले, "पोरगा कुणाचा?" आम्ही सांगितले. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "तुझ्या आजाला ढोलाची लाज नव्हती रे. तो रात्री मांडीवर बोटं वाजवायचा, मरेपर्यंत. मांडवाच्या बाहेर बसून वाजवायची लाज होती. तू त्या पोराला मांडवाबाहेर बसवलंस."

आजोबांच्या मांडीवरच्या बोटांची गोष्ट आम्ही त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. डब्यावर आपटणारी आमची बोटे पाहून अण्णांना काय आठवले असेल, हेही तेव्हाच लक्षात आले.

दुसऱ्या दिवशी वर्गावर जाऊन आम्ही त्या मुलाला शोधले. तो आम्हाला पाहून जिना उतरून गेला. मार्चमध्ये परीक्षेच्या दिवशी जिन्यातच गाठ पडली. आम्ही म्हणालो, "माझं चुकलं." तो म्हणाला, "सर, पेपरला उशीर होतोय." एन.सी.सी.त वरच्या वर्गाला सर म्हणायची पद्धत असते. त्याने ती शेवटपर्यंत पाळली. पुढे आम्ही पास झालो, कारकुनीला लागलो. मंडळाचे, अभ्यासिकेचे, वधू-वर मेळाव्यांचे काम करताना हजार माणसे भेटली. तो भेटला नाही. रस्त्यावर वरातीचा बँड दिसला की आजही आम्ही साइड ड्रमवाल्याच्या तोंडाकडे पाहतो. पंचवीस वर्षांनी त्याला ओळखू की नाही, कोण जाणे.

तर बैठकीतल्या त्या वडीलधाऱ्यांच्या घरी आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो आणि हे सगळे त्यांना सांगितले. चहा झाला. ते म्हणाले, "तुमचं पटलं असं नाही. पण माझी नात येते म्हणते, तिला मी अडवणार नाही." एवढ्यावर आम्ही उठलो. त्यांचे म्हणणे चूक आहे असे आम्हाला आजही म्हणवत नाही. ज्यांनी मीठ-मिरची बंद झालेली सोसली त्यांना ढोलाचा आवाज आपल्यापेक्षा वेगळाच ऐकू येणार.

बावीस मुले जमली, त्यात चौदा मुली. शिकवायला आम्ही ब्रास बँडमधले एक जुने मास्तर आणले. लगनसराईत रात्रीला जेवढे मिळतात तेवढे पैसे त्यांना दर रविवारी द्यायचे, असे मंडळाने ठरवले. त्यावरूनही कुरकुर झाली. "भाऊ, तुम्हाला येतं ना, मग पैसे कशाला?" आम्हाला बेस येतो. रोल येत नाही. तो येणारा आम्ही घालवला होता.

म्होरकी म्हणून मुलांनी अकरावीतली एक मुलगी निवडली. आमची नव्हे, आमची झांजा वाजवते आणि चुकते. फेब्रुवारीतल्या एका रविवारी साइड ड्रमचा एक मुलगा पाऊण तास उशिरा आला. तो शनिवारी रात्री वडापावच्या गाडीवर असतो, हे आम्हाला माहीत होते. मुलीच्या कपाळावर आठ्या दिसल्या. आम्ही खुर्चीवरून उठून लगबगीने तिच्याकडे गेलो आणि हळूच म्हणालो, "बाळ, त्याला सगळ्यांसमोर काही बोलू नकोस. आधी विचार, रात्री—"

"काका," ती म्हणाली, "बँड माझा आहे ना? मग मी बघते. तुम्ही बसा."

आम्ही बसलो. मांडीवर हजेरीची वही होती. ती त्याच्याजवळ गेली, काहीतरी बोलली, ते आम्हाला ऐकू आले नाही. तो हसला. तिने त्याच्या पट्ट्याचे बक्कल एक घर आवळले, जागेवर जाऊन काठी वर केली, आणि बेसवाल्या पोराने ठोका दिला. हजेरीच्या वहीवर आमची बोटे केव्हा चालू लागली ते कळले नाही.