मालवणचा समुद्रतळ आणि मास्कमधले पाणी

मालवणला जाल, तेव्हा केवळ सिंधुदुर्ग किल्ला पाहून परतू नका. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर या जलदुर्गाचा पाया घातला. त्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ वाढते आणि रंगीत मासे त्याच्या आडोशाने वावरतात. १९८७ मध्ये हा परिसर सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. पावसाळा सरला, की येथे स्कूबा डायव्हिंग सुरू होते. पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक धरून खाली नेतात. त्यामुळे नातवंडांबरोबर आजी-आजोबांनाही तळ पाहण्याचा मोह होतो.

या उथळ सफरीत अनेकांना भिववते ते मास्कमध्ये शिरणारे पाणी. आपण जन्मभर नाकाने श्वास घेतो आणि हा मास्क नाकही झाकतो. नाकाशी पाणी आले, की बुडत असल्याचा भास होतो, छाती धडधडते आणि वर धाव घ्यावीशी वाटते. वस्तुतः श्वास तोंडातील नळीतून चालू असतो. मास्क पूर्ण भरला तरी तोंडाने श्वास घेता येतो. खरा धोका घाबरण्यात आहे. श्वास रोखून झटकन वर आल्यास पाण्याचा दाब उतरतो, छातीतील हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे थोड्या खोलीवरही घडते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखू नये.

मास्क का गळतो? कडेखाली केस अडकतात, मिशीमुळे फट राहते, गालांवरच्या खोल सुरकुत्यांतून पाणी वाट काढते. सैल कवळी घालून उतरू नये. परंतु ती काढल्यावर गाल आत जातात, म्हणून मास्कची परीक्षा कवळी काढूनच करावी. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. मास्क चिकटून राहिला, तर तो आपल्या चेहऱ्याचा. पट्टा करकचून आवळू नका. त्याने कड मुडपते आणि गळती वाढते.

तरीही पाणी आले, तर नजर किंचित वर करा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबा आणि नाकाने सावकाश श्वास सोडा. आतली हवा पाण्याला खालच्या कडेने बाहेर ढकलते. नंतर श्वास तोंडानेच घ्या. ही कृती आधी कमरेएवढ्या पाण्यात चार-पाच वेळा करून पाहावी. जमत नसेल, तर पुढे जाऊ नये. खाली असताना पंजा आडवा हलवून मास्ककडे बोट दाखवले, की प्रशिक्षक समजतो. अंगठा वर करणे म्हणजे ‘ठीक आहे’ नव्हे, ‘वर चला’.

हृदयविकार, दमा, अपस्मार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची अथवा कानाची शस्त्रक्रिया असल्यास निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्या. प्रशिक्षकाच्या अर्जात आजार लपवू नका.

मुलासुनांना एक विनंती. पैसे भरले म्हणून आई-वडिलांना आग्रह करू नका. त्यांनी ‘नको’ म्हटले, तर ते ऐका. किल्ल्याच्या तटावरून दिसणारा समुद्रही तितकाच सुंदर आहे.