ओळ कुठे मोडायची

दिवाळी अंकात कविता बहुधा उरलेल्या जागेत बसवतात. रकाना अरुंद असला की लांब ओळ मोडून खाली उतरते. ‘मनाचे श्लोक’ असे कसेही तोडून छापले तरी बिघडत नाही. भुजंगप्रयाताचा बारा अक्षरांचा चरण वाचणाऱ्याच्या कानात मुरलेला असतो. तो ओळ आपसूक सांधून घेतो. एखादे अक्षर गळले तर जीभ तिथेच अडखळते. मुक्तछंदाला असा राखणदार नाही. ओळ कवीने मोडली की पानाची मांडणी करणाऱ्याने, हे ओळखणार कसे?

‘यमक जुळेना म्हणून मुक्तछंद’ हा टोमणा जुनाच आहे, आणि मला तो कधीच पटला नाही. ओळ कुठे संपवायची हे एरवी वृत्त ठरवते. इथे ते कवीलाच ठरवावे लागते, तेही दर ओळीला. त्याचे कारण कवितेतच जाणवायला हवे. पुष्कळदा जाणवत नाही, हेही खरे. एकटे क्रियापद खालच्या ओळीत ढकलले की आशय खोल होतो, ही समजूत तर फारच बोकाळली आहे.

मराठीत मुक्तछंद रुजवला कवी अनिलांनी. ‘भग्नमूर्ती’ १९४० सालचे. पण ज्ञानेश्वरीच्या ओवीलाही अक्षरांचे मोजमाप कुठे आहे? तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि यमकावाचून. तो आखूड चरण आला की ऐकणाऱ्याला ओवी संपल्याचे कळते, पोथी समोर नसली तरी. उलट मर्ढेकरांनी यंत्रयुगातली घुसमट सांगायला अभंग-ओवीचाच घाट घेतला. नवेपणा वृत्त सोडण्यावर अवलंबून नसतो, एवढे त्यावरून दिसते.

मात्र ‘गोलपिठा’ (१९७२) वृत्तात बांधलेला मला कल्पनेतही दिसत नाही. ढसाळांच्या त्या कवितेत शिवी, शोक आणि बाजारातली बोली एकाच दमात येतात. तिथे ठरावीक अंतरावर यमक वाजले असते तर सगळे उगीच नीटनेटके झाले असते. ती मोठ्याने वाचावी. दम कुठे पुरत नाही, हे वाचतानाच उमगते.

अनिल स्वतः पुढे दशपदीकडे वळले. १९७६च्या ‘दशपदी’ संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. काहींना ही माघार वाटेल. मला वाटत नाही. कविता दहा ओळींतच संपवा, असे त्यांना कोणत्याही छंदशास्त्राने सांगितले नव्हते.