आठवण लिहिताना

आठवणी लिहिणे सोपे, असे आपणांस वाटते. कारण सामग्रीच्या शोधात कोठे जावे लागत नाही. मलाही तसेच वाटले होते. वडिलांच्या निधनानंतर मी त्यांच्यावर एक लेख लिहिला. मी नववीत असताना त्यांनी मला शाळेच्या सहलीस पाठवले नाही, हा त्यातील मुख्य प्रसंग. दूर जाणाऱ्या एस.टी.कडे पाहत उभा असलेला मुलगा मी मोठ्या तन्मयतेने रंगवला होता. लेख थोरल्या बहिणीला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “सगळं खरं आहे. पण अण्णांच्या सदऱ्याच्या खिशातून तू आठ रुपये घेतले होतेस, ते कुठे लिहिलंस?”

मी ते लपवले नव्हते. मी ते खरोखरच विसरलो होतो. स्मृती खोटे बोलतेच असे नाही, पण निवड मात्र ती आपल्या सोयीने करते.

आठवणींच्या लेखनात दोन ‘मी’ असतात : एक भोगणारा, दुसरा लिहिणारा. ‘बलुतं’मध्ये (१९७८) दया पवार यांनी हे दोघे समोरासमोर बसवले, दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई टिळक वेगळ्या वाटेने जातात. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हाचा आपला आकांत आणि सोवळ्याचा आग्रह त्या आडपडदा न ठेवता सांगतात. नंतर आलेले शहाणपण त्या पूर्वीच्या लक्ष्मीला उसने देत नाहीत. म्हणूनच त्यांच्यातील बदलावर आपला विश्वास बसतो.

मी लेख पुन्हा लिहिला. एस.टी.कडे पाहणारा मुलगा राहिला, कारण त्याचे दुःख खरे होते. त्याच्या शेजारी आता तो सदरा आला. वडिलांनी मला मारले नव्हते, आईजवळही ते काही बोलले नव्हते. सहलीचे पैसे तेवढे दिले नव्हते. पहिल्या लेखात ते केवळ कठोर होते. आता त्यांचे मौन दिसू लागले.

आपणही एक आठवण लिहा आणि त्या वेळी तेथे असलेल्या कोणाला तरी वाचून दाखवा. त्या व्यक्तीचीही स्मृती चुकू शकते. म्हणून तिचे म्हणणे तसेच्या तसे स्वीकारू नका, पण नोंदवून ठेवा. असे कोणी हयात नसेल, तर स्वतःलाच विचारा : या प्रसंगातील कोणती गोष्ट कोणाला कळू नये, असे मला वाटते? बहुधा तेथूनच लेखनास आरंभ करावा लागेल.