सुरतेत जुनी गाडी शोधताना

सुरत आणि मराठी माणूस असा विषय निघाला की १६६४ आणि १६७० ही दोन साले कोणीतरी काढतेच. आमचे गुजराती शेजारी तर हसत हसत हिशेबच मागतात. यंदा जुनी मोटार घेण्यासाठी आम्ही उभयता या शहरात हिंडू लागलो, तेव्हा मात्र मनात उलटी धास्ती होती. गाठीशी तीन लाख रुपये, मोटारींचे ज्ञान यथातथाच. या वेळी लुटले जाण्याची पाळी आपली, असेच वाटत होते. तसे झाले नाही. ते का झाले नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आमचे आजोबा यंत्रमागावर काम करण्यासाठी खानदेशातून आले आणि उधन्यास स्थायिक झाले. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत आजही अहिराणी आणि मराठी पावलोपावली कानी पडते. साक्रीजवळच्या गावाशी आमचा संबंध तुटलेला नाही. नंदुरबार, अमळनेरकडे जाणाऱ्यांना ताप्ती लाईनची रेल्वे सोयीची. साक्रीकरांची भिस्त मात्र रस्त्यावर. बारडोली, व्यारा, गायकवाडांचे जुने ठाणे सोनगड, नवापूर, विसरवाडी आणि मग कोंडाईबारीचा घाट.

दोन वर्षांपूर्वी मामा गेल्याचा निरोप आला. भाड्याची गाडी करून आईला घेऊन निघालो. घाटात क्लच जळाला. दुसरे वाहन मिळून आम्ही पोहोचेपर्यंत सारे आटोपले होते. आई कोणालाही काही बोलली नाही. एस. टी.ची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि आता गावी तिची एकच बहीण उरली आहे. तेव्हाच आम्ही ठरविले की, लहान का असेना, घाट चढणारी भरवशाची गाडी दारात हवी.

लहान गाडी म्हणजे मागचे दार वर उघडणारी, जिला सारे हॅचबॅक म्हणतात ती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीयांच्या दारात मोटार दिसू लागली. पुढे सँट्रो, वॅगन आर, आल्टो, स्विफ्ट, आय-टेन अशी बरीच नावे रूढ झाली. कोणती निवडावी, यावर नातेवाइकांत चार मते पडली. उधन्यातील आमच्या एका खानदेशी मिस्त्रींनी तो वाद एका वाक्यात मिटविला. ते म्हणाले, "दादा, गाडीचं नाव नंतर पाहू. जिचा पार्ट साक्रीच्या बाजारातही मिळेल ती घ्या, आणि आधी ती राहिली कुठं ते विचारा."

या दुसऱ्या वाक्याचा अर्थ आम्हांस पहिल्याच गाडीपाशी कळला. एका विक्रेत्याच्या आवारात ती उभी होती. पांढरीशुभ्र, आत अत्तराचा घमघमाट. सौभाग्यवतींना रंग पसंत पडला. मिस्त्रींनी रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर भागावर वाळलेल्या गाळाची रेघ होती. मग पायाखालचा गालिचा उचलला, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला, सीटचे बोल्ट पाहिले. सर्वत्र गंज. "खाडीचं पाणी पिऊन आली आहे," एवढेच ते म्हणाले.

सुरतेला पाण्याचा इतिहास आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे हे शहर बहुतांशी बुडाले. त्या पुरातल्या गाड्या आता फारशा उरल्या नसतील. परंतु शहरातून वाहणाऱ्या खाड्या जोराच्या पावसाळ्यात आजही लोकांच्या घरांत शिरतात. २०२४ आणि २०२५ मध्ये लिंबायतच्या बाजूने हा खाडीपूर आम्ही पाहिला आहे. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून चालू होते. पण तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा महिनोन् महिने आपले काम करीत राहतो आणि एके दिवशी ऐन रस्त्यात दिवे, सेल्फ, सारे काही मिटते. अत्तराचा वास जितका जास्त, तितका पट्टा अधिक ओढून पाहावा.

दुसरी गाडी डुमसच्या बाजूची होती. मालक सज्जन, बोलणे मोकळे. मात्र गाडी जॅकवर चढवून खालून पाहिली तेव्हा पत्रा जागोजाग खाऱ्या हवेने खाल्लेला. समुद्रावर फिरायला जाणे वेगळे आणि समुद्रावर मुक्काम करणे वेगळे, हे गाडीलाही लागू आहे.

तिसरी नंदुरबारची, एम. एच. ३९ क्रमांकाची. इंजिन उत्तम, परंतु आर. सी.वर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. तो उतरल्याचा बँकेचा दाखला आणि ३५ क्रमांकाचा फॉर्म नाही, परराज्यात नेण्यासाठी मूळ आर. टी. ओ.चे ना हरकत पत्र नाही. "नंतर देतो," असे मालकाचे म्हणणे. आम्ही नमस्कार केला. आधी कागद, मग पैसे, हा क्रम उलटा करू नये.

स्वस्त पडते म्हणून सी. एन. जी.वरच्या दोन गाड्याही पाहिल्या. शहरात रोज फिरणाऱ्यांना तो सौदा चांगला. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे काय आणि किटची नोंद आर. सी.वर आहे काय, एवढे मात्र पाहावे. आमचा घाट होता. गॅसवर इंजिनाचा जोर थोडा कमी पडतो, आणि डिकीत टाकी असली की आईची चाकाची खुर्ची ठेवणार कोठे?

चौथी गाडी अडाजणमध्ये मिळाली. दहा वर्षांची पेट्रोलवरील वॅगन आर, एकच मालक, बँकेतून निवृत्त झालेले गुजराती गृहस्थ. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालविणे सोडले होते. रंगाला दोन ठिकाणी ओरखडे. ते त्यांनी स्वतःच दाखविले. टेबलावर एक वही ठेवली. कोणत्या तारखेस ऑइल बदलले, किती किलोमीटरला बॅटरी घातली, सारे त्यांच्या बँकेतल्या अक्षरात. मिस्त्रींनी वहीतले आकडे मीटरशी आणि पेडलच्या झिजलेल्या रबराशी ताडून पाहिले. टायरवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर जुने निघाले. ती गोष्टही वहीत होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिन चालू केले. आदल्या रात्रीपासून गाडी हलवू नका, असे सांगून ठेवले होते, कारण गरम इंजिन आपले दुखणे लपविते. निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय नाही, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत नाही. राहिला चढ. सपाट सुरतेत चढ कोठून आणावा? पण हे पुलांचे शहर. पहाटे रहदारी नसताना सरदार पुलाच्या चढावर मिस्त्रींनी गाडी थांबविली आणि पहिल्या गिअरमध्ये उचलली. गाडी मागे सरकली नाही, थरथरली नाही, जळका वासही आला नाही.

किंमत दोन लाख पंचेचाळीस हजारांवर ठरली. उरलेल्या रकमेतून चार टायर, नवी बॅटरी, ब्रेकचे काम आणि विमा झाला. थोडक्या पैशांत गाडी घेणाऱ्याने सारी पुंजी गाडीतच घालू नये, हा या खटपटीतला मोठा धडा. २९ आणि ३० क्रमांकांच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, तोही दिला. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे अजून पाच वर्षे त्या बाबतीत निश्चिंती. किल्ली देताना त्या गृहस्थांनी वहीही दिली आणि म्हणाले, "आगळनां पानां कोरां छे." पुढची पाने कोरी होती खरी.

गेल्या महिन्यात आईला घेऊन गावी गेलो. कोंडाईबारी आली तशी ती सरसावून बसली आणि घाट संपेपर्यंत तिने समोरचा दांडा सोडला नाही. दहिवेल लागल्यावर हात सैल केला आणि मावशीसाठी घेतलेली सुरतेची घारी डब्यात नीट आहे ना, ते पाहिले. त्या दिवशीची नोंद आम्ही वहीत केली आहे: तारीख, किलोमीटर आणि पेट्रोल.