गोष्ट सांगायची पाळी कुणाची?

लोणंदला माउलींची पालखी मुक्कामी आली की समाज आरतीला मी न चुकता जाते. चारी बाजूंनी टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावून पुकारा करतात आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प होतो. मग हरवलं-सापडलं सांगितलं जातं, उद्या निघायची वेळ कळते. एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, तोड काढतात, तेव्हा ते थांबतात. मध्ययुगीन इंग्रजी काव्य शिकवण्यात माझी हयात गेली. चॉसरचा हॅरी बेली मला नीट उमगला तो या तळावर.

जेफ्री चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’ १३८७च्या सुमारास लिहायला घेतलं. लंडनच्या नदीपलीकडं सदर्कला टॅबार्ड नावाच्या सराईत तीसेक यात्रेकरू जमतात. जायचं असतं कँटरबरीला, संत टॉमस बेकेटच्या समाधीला. हा तिथला मुख्य धर्मगुरू. राजा दुसऱ्या हेन्रीशी त्याचं बिनसलं आणि २९ डिसेंबर ११७० रोजी राजाच्या चार सरदारांनी त्याला त्याच्याच चर्चमध्ये तलवारीनं मारलं. ११७३मध्ये तो संत ठरला आणि यात्रा सुरू झाली. सराईचा मालक हॅरी बेली वाटेसाठी पैज ठरवतो : प्रत्येकानं जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या, ज्याची सरस, त्याला बाकीच्यांच्या पैशानं जेवण. आणि हा तांडा सांभाळायला तो स्वतःच बरोबर निघतो.

काड्या काढतात, पहिली पाळी सरदाराची येते. तो शौर्याची, प्रेमाची लांबलचक कथा सांगतो. मानाप्रमाणं आता मठातल्या साधूनं बोलावं, असं बेली सुचवतो. तेवढ्यात दारू प्यालेला गिरणीवाला आडवा येतो : मी सांगणार, नाहीतर हा मी चाललो! बेली त्याला समजावतो, शेवटी हात टेकतो. गिरणीवाला एका सुताराच्या फजितीची चावट गोष्ट सांगतो. तांड्यातला कारभारी तरुणपणी सुतारकाम केलेला. तो भडकतो आणि एका गिरणीवाल्याची फजिती सांगून उट्टं काढतो. मानाचा क्रम पहिल्याच गोष्टीनंतर मोडला. माझ्या मते या काव्याचा जीव इथं आहे. चॉसर लंडन बंदरात लोकरीच्या जकातीवर नोकरीला होता. अशा माणसांचं बोलणं त्याच्या कानात मुरलेलं होतं. एकूण २४ गोष्टी झाल्या, त्यातल्या काही अर्धवट. बेकेटची थोरवी गाणारी त्यात एकही नाही, आणि काव्य संपतं तरी तांडा समाधीपर्यंत पोचलेला नसतो.

आपल्याकडं याच्या जवळ जाणारी रचना म्हणजे नामदेवांच्या गाथेतली ‘तीर्थावळी’. ज्ञानदेव यात्रेला चला म्हणतात; नामदेवांचा पाय पंढरीतून निघत नाही; शेवटी विठ्ठलच त्यांचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतो. वाटेत तहानेनं जीव व्याकूळ होतो. विहीर खोल. ज्ञानदेव योगबळानं आत उतरून पाणी पितात, नामदेव देवाचा धावा करतात आणि विहीरच उचंबळून येते. परतल्यावर मावंदं घालतो तोही विठ्ठलच. भक्तासाठी झुरणारा असा देव चॉसरच्या साऱ्या काव्यात मला दिसला नाही. पण तीर्थावळीतले यात्रेकरू हे दोघे संत. चूल कुणी पेटवली, कुणाच्या पायाला फोड आले, हे तिथं येत नाही. ते इरावती कर्वे यांनी वारीवरच्या ‘वाटचाल’ या लेखात टिपलं : एकत्र अभंग म्हणणारी आणि जेवायला जातवार वेगळी बसणारी माणसं. त्या लेखानंतर दिंडीतल्या साध्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी कुणीतरी मन लावून लिहून घ्यायला हव्या होत्या. अजूनही घ्यायला हव्यात, आणि त्यातल्या भांडणांसकट.

एका मुक्कामी भाकऱ्या उरकून बसलेल्या बायकांना मी चॉसरची एक गोष्ट सांगितली. तीन उनाड पोरं मृत्यूलाच मारायला निघतात. वाटेत काठीनं जमीन ठोकत ‘आई, मला आत घे’ म्हणणारा एक म्हातारा भेटतो. मृत्यू त्या झाडाखाली आहे, असं सांगतो. झाडाखाली निघतं सोनं. धाकट्याला दारू-पाव आणायला पाठवतात आणि आल्यावर भोसकायचं ठरवतात. त्यानं येताना दारूत विष कालवलेलं. तिघंही संपतात. हिचं बीज आपल्याच मातीतलं, पाली जातकांतल्या ‘वेदब्भ जातका’त आहे, तिथं भातात विष.

सोन्याचं त्या बायकांना फारसं नवल वाटलं नाही. एकीनं विचारलं, “बाई, त्या म्हाताऱ्याचं काय झालं? त्याला मरण आलं का न्हाई?”

चॉसर ते सांगत नाही, म्हणाले. ते कुणालाच पटलं नाही. दुसरी म्हणाली, तो म्हाताराच मरण होता. तिसरी म्हणाली, मरण कशाला रडंल मातीपाशी? मग पहिलीच सरसावून बसली. “आमच्या गावात असा एक म्हातारा होता, ऐका,” म्हणाली आणि तिनं पाळी घेतली.