पाचवी चिमणी

‘वरचा बघतोय’ असं आपण उठता-बसता म्हणतो, त्यामुळे ख्रिस्ती धर्माचा सर्वज्ञ देव आपल्याला तसा परका नाही. एकोणिसाव्या शतकात चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) आलेल्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनलाही ही गोष्ट मुळाक्षरांपासून शिकवावी लागली नसेल. पण या देवाला आपण बहुधा ज्योतिषी तरी करतो, नाहीतर फौजदार. शुभवर्तमानात मात्र निराळंच दिसतं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या बाराव्यात दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी फुकट, वर टाकलेली. बाजाराने जिची किंमतही धरली नाही, तिचाही देवाला विसर पडत नाही, असं येशू सांगतो. इथे उद्याचं भाकीत कुठे आहे? हिशेबातून कुणी सुटत नाही, एवढंच तो सांगतो, आणि माझ्या मते ख्रिस्ती सर्वज्ञतेचा गाभा तोच आहे.

या श्रद्धेचं वजन कळायला चंद्रपूर-गडचिरोलीसारखा मुलूख नाही. ताडोबातला वाघ पट्ट्यांवरून एकेक ओळखला जातो. तो मेला की बातमी होते. (होऊ दे, वाघाशी माझं वैर नाही.) पण वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत बारशाआधीच गेलेलं बाळ कित्येकदा कुठल्याच वहीत चढत नसे. सरकारी आकड्यांपेक्षा किती तरी जास्त मुलं महाराष्ट्रात दगावतात, हे २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने दाखवून दिलं, तेव्हा कुठे खळबळ उडाली. ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी दवाखाना कोण मागणार?

आता आक्षेप. देवाला सगळं आधीच ठाऊक असेल तर माणसाच्या हाती काय उरलं? सहाव्या शतकात तुरुंगात मरणाची वाट पाहणाऱ्या बोएथियसने याचं उत्तर दिलं: देव काळाबाहेरून सगळं एकदम पाहतो, आणि चालणाऱ्याला कुणी पाहिलं म्हणून तो चालतो असं होत नाही. युक्तिवाद चोख आहे, पण तत्त्वज्ञापुरता. बाळ गमावलेली आई वेगळंच विचारते: ठाऊक होतं, तर वाचवलं का नाही? चिमणी पडणारच नाही असं शुभवर्तमान कुठेही म्हणत नाही, आणि यावर पुरतं उत्तर मला कुठल्याच धर्मशास्त्रात दिसलेलं नाही. मात्र निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायात गुलामांचं दुःख मला ठाऊक आहे असं सांगणारा देव लगेच मोशेला कामाला लावतो. नुसतं जाणून स्वस्थ बसणं त्या ग्रंथालाही मान्य नाही.

गडचिरोलीतली ‘सर्च’ ही बंग दांपत्याची संस्था ख्रिस्ती नव्हे, गांधीविचारातली. तिला ओढूनताणून बाप्तिस्मा देण्याचं कारण नाही. पण जाणणं आणि कामाला लागणं तिथे एकत्र आलं: निरक्षर दाईच्या हाती मण्यांचं एक साधं यंत्र आलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळूचं घड्याळ रिकामं होण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. पुढे गावातल्याच बायका घरोघर जाऊन प्रत्येक नवजात बाळाची नोंद आणि देखभाल करू लागल्या. हे काम चाललेल्या ३९ गावांत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, असं १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं.